अपघात विभागातली रांग दिसली पाहिजे

७ जून २०२५. बकरी ईदची सुट्टी. गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोहोचले आणि कॅमेरे चालू असताना, रुग्ण आणि कर्मचाऱ्यांच्या देखत, तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना (सीएमओंना) त्यांनी फैलावर घेतलं. तक्रार अशी होती की एका ज्येष्ठ महिलेला बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन कॅज्युअल्टीत नाकारलं गेलं. मंत्र्यांनी तिथल्या तिथे निलंबनाचा आदेश दिला. डॉक्टर संतापले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असं सांगितलं, मंत्र्यांनी माफी मागितली. त्यानंतर कितीतरी दिवस गोव्यात आणि महाराष्ट्रात एकच वाद चालला: मंत्री उद्दाम की डॉक्टर उर्मट? सुट्टीच्या दिवशी तातडीच्या विभागाकडून रुग्णाने काय अपेक्षा ठेवावी, काय ठेवू नये, आणि हे त्याला कोणी कधी सांगितलं आहे का, हा खरा प्रश्न होता. तो जवळपास कोणीच विचारला नाही.

असे वाद आपल्याकडे दर काही महिन्यांनी पेटतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस मृत्यू झाले, तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि चर्चा त्या चित्रफितीवर अडकली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गरोदर महिलेच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. पुढे दुसऱ्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. तेव्हाही फलकाला काळं फासण्यापासून डॉक्टरांच्या बाजूने मोर्चे काढण्यापर्यंत सगळं झालं. प्रत्येक वेळी एक माणूस दोषी ठरवायचा, त्याच्यावर राग काढायचा आणि व्यवस्था आहे तशी सोडायची, असंच चाललं आहे.

माझं म्हणणं असं आहे. कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाला तीन गोष्टी हक्काने मिळाल्या पाहिजेत. पहिली, दारात आल्यावर काही मिनिटांत प्रशिक्षित माणसाने त्याला तपासून धोका किती आहे हे ठरवावं. दुसरी, तो रांगेत कुठे आहे आणि का, हे त्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना तोंडाने सांगितलं जावं. तिसरी, जीव धोक्यात असेल तर पैसे, केसपेपर, पोलीस, ओळखपत्र हे सगळं नंतर. याखेरीज कॅज्युअल्टी कसलंही वचन देऊ शकत नाही. मोठे डॉक्टर लगेच येतील, खाट नक्की मिळेल, आलेल्या क्रमाने नंबर लागेल, यातलं काहीही नाही. ही रांग धोक्याप्रमाणे लागते. ती तशी लागते हे सगळ्यांना दिसलं पाहिजे आणि ती मंत्र्यालाही लागू असली पाहिजे.

म्हणजे नेमकं काय, ते जिल्हा रुग्णालयातल्या कुठल्याही संध्याकाळी बघता येतं. समजा, एक तरुण दुचाकीवरून पडलाय, हात मोडलाय, तो जिवाच्या आकांताने ओरडतोय. त्याच्या आधीपासून शेतमजूर बाई बाकावर बसली आहे. भाताच्या खाचरात पायाला काहीतरी चावलं, ते घोणस होतं की साधं विरोळं हे कोणाला माहीत नाही. सिस्टरने तिचं दोन मिली रक्त एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन नळी टेबलावर उभी ठेवली आहे आणि बाईला बसायला सांगितलं आहे. सगळ्यात शेवटी पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ चालत आत येतात. घाम फुटलाय, जबडा दुखतोय, आणि "गॅस झाला असेल, एखादी गोळी द्या" असं तेच म्हणताहेत. त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेतलं जातं.

तरुणाच्या मित्रांना काय दिसतं? आपला माणूस तळमळतोय आणि पायी चालत आलेल्या माणसाला खाट मिळाली. बाईच्या नवऱ्याला काय दिसतं? रक्त काढलं आणि नुसतं बसवून ठेवलं. प्रत्यक्षात तिघांचेही उपचार सुरू झालेले आहेत. छातीत किंवा जबड्यात दुखून घाम आलेल्या माणसाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, कारण हृदयाची वाहिनी बंद झाली असेल तर प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. त्या काचेच्या नळीला वीस मिनिटं हात लावायचा नसतो. वीस मिनिटांनी ती तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय, प्रतिविष सुरू करायचं. म्हणजे ती वीस मिनिटं ही तपासणीच आहे. मोडलेल्या हाताला फळी बांधली, वेदनेचं इंजेक्शन दिलं, बोटांत रक्त खेळतंय आणि संवेदना आहे हे बघितलं, की तो हात हाडांच्या डॉक्टरांसाठी दोन तास थांबू शकतो. (ते वेदनेचं इंजेक्शन मात्र लगेच मिळालं पाहिजे. आपल्याकडे ते फार उशिरा मिळतं आणि तिथे रुग्णाचा राग शंभर टक्के रास्त असतो.) हे सगळं सिस्टरच्या डोक्यात स्पष्ट असतं. बाकावर बसलेल्यांना ते कोणीच सांगत नाही.

ही पद्धत काही कालची नाही. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक लारे याने दोनशे वर्षांपूर्वी रणांगणावर हाच नियम लावला. ज्याची जखम सर्वांत घातक त्याच्यावर आधी उपचार. तो शिपाई आहे की सेनापती, हे बघायचं नाही. तोपर्यंत आधी अधिकाऱ्यांना उचलायची रीत होती. जखमींची वर्गवारी तिथून सुरू झाली असं मानलं जातं, पण त्यातलं तंत्र आपण जितकं लक्षात ठेवलं तितकी समता ठेवली नाही. सैन्यासारख्या हुद्द्यांच्या उतरंडीत हुद्दा बाजूला ठेवायला सांगणारा हा नियम होता. आज आपल्या रुग्णालयांत लाल (जीव धोक्यात), पिवळा (तातडीचा), हिरवा (थांबू शकणारा) अशी वर्गवारी शिकवली जाते, काही ठिकाणी जमिनीवर तसे पट्टेही आखलेले असतात. आणि तरीही नगरसेवकाचा फोन आला की हिरव्यातला माणूस लाल पट्ट्यावर पोहोचतो, हे तिथे काम करणारा कोणीही सांगेल.

म्हणूनच रुग्णाच्या नातेवाइकांचा अविश्वास मला अडाणीपणाचा वाटत नाही. आपल्यानंतर आलेला माणूस आधी आत गेला तर 'याची ओळख असणार' असं त्यांना वाटतं, कारण रेशन कार्यालयापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलेलं असतं. न दिसणारा नियम आणि वशिला हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सारखेच दिसतात. डॉक्टरांच्या संघटना 'लोकांनी विश्वास ठेवावा' असं आवाहन करतात तेव्हा हा भाग सुटतो. विश्वास ठेवायचा तर कशावर?

धुळ्याची घटना आठवा. मार्च २०१७ मध्ये तिथल्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. इथे मेंदूचे शल्यचिकित्सक नाहीत, दुसरीकडे न्यावं लागेल, असं निवासी डॉक्टरने सांगितलं आणि नातेवाइकांच्या जमावाने त्या तरुण डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्या हल्ल्याचं कसलंही समर्थन होऊ शकत नाही, आणि पुढे राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी काम थांबवलं त्यात त्यांचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही. पण त्यातून निष्पन्न काय झालं? सुरक्षारक्षक आले, नातेवाइकांना पास आले. डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरोधातला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद असलेला कायदा तर महाराष्ट्रात २०१० पासूनच होता. कायदा असतानाही हल्ले होत राहिले, कारण ज्या क्षणी हल्ल्याची ठिणगी पडते तो क्षण कायद्याने बदलत नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला घेऊन आलेल्या कुटुंबाला मेंदूचे शल्यचिकित्सक कुठल्या रुग्णालयात आहेत हे आधी कळायला काय हरकत होती? एक निवासी डॉक्टर व्यवस्थेची सगळी उणीव आपल्या तोंडाने सांगायला एकटा उभा होता. त्याच्या मागे रक्षक उभा करण्याआधी त्याच्या तोंडचं ते वाक्य काढून घ्यायला हवं होतं.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. डॉक्टर विचारतात: समजावून सांगायला वेळ कोणाकडे आहे? रात्री कॅज्युअल्टीत एक वैद्यकीय अधिकारी, दोन इंटर्न, एक-दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय असतात. एकाच वेळी विष घेतलेला मुलगा, दम लागलेली आजी, बसच्या अपघातातले सात जण, आणि दारू प्यालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी करून घ्यायला आलेले पोलीस. एमएलसीची, म्हणजे पोलीस प्रकरणांची, कागदपत्रं वेगळीच. अशा वेळी प्रत्येकाला रांगेचं तत्त्वज्ञान ऐकवत बसायचं का? हा प्रश्न मी हलका मानत नाही. अशा रात्री पार पाडणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हा युक्तिवाद नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूचा आहे. रांग समजावणं हे शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांचं काम नाहीच. ते दारातल्या माणसाचं काम आहे. वर्गवारी करणारी एक अनुभवी परिचारिका प्रत्येक पाळीत, फक्त त्याच कामासाठी, दारात असली पाहिजे. नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, ऑक्सिजन, तापमान, शुद्ध आहे की नाही. इतकं बघायला तिला तीन-चार मिनिटं लागतात. "तुम्ही पिवळ्यात आहात, लाल रुग्ण आधी जातील, मी अर्ध्या तासाने पुन्हा बघणार आहे, त्याआधी दम लागला किंवा गुंगी आली तर लगेच मला हाक मारा." हे सांगायला अर्धं मिनिटही पुरतं.

हे पद बहुतेक ठिकाणी नाही, किंवा असलं तरी त्या सिस्टरला इंजेक्शनं देण्यापासून रजिस्टर भरण्यापर्यंत दहा कामं आहेत. तातडीच्या वैद्यकशास्त्राला भारतात स्वतंत्र विशेषज्ञशाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्याआधी कित्येक दशकं कॅज्युअल्टी म्हणजे ज्याला दुसरीकडे जागा नाही त्याची नेमणूक, असाच समज होता आणि छोट्या शहरांत तो अजून गेलेला नाही. ज्या दारातून सगळ्यांत अत्यवस्थ माणूस आत येतो त्या दारात सगळ्यांत कमी अनुभवाचा माणूस का उभा असतो? मंत्र्याने कॅज्युअल्टीला भेट द्यावीच. पण तिथे, बांबोळीत झालं तसं, डॉक्टरचे हात खिशात आहेत का हे बघण्याऐवजी पाळीच्या नोंदवहीत किती जागा रिकाम्या आहेत ते बघावं, कारण त्या भरणं फक्त त्याच्या हातात आहे.

दुसरा आक्षेप रुग्णांविरुद्ध घेतला जातो आणि सुशिक्षित वर्गात तो फार लोकप्रिय आहे: लोक सर्दी-खोकल्यासाठी कॅज्युअल्टीत येतात, त्यांना शिस्त नाही. बांबोळीच्या प्रकरणातही बी-१२च्या इंजेक्शनला कॅज्युअल्टी कशाला, असं अनेकांनी विचारलं. बरोबर आहे, बी-१२ काही तासांनी किंवा दोन दिवसांनी दिलं म्हणून जीव जात नाही, आणि कॅज्युअल्टीने ते नाकारलं यात वैद्यकीय चूक मला दिसत नाही. पण ती बाई तिथे का आली? त्या दिवशी सुट्टी होती, ओपीडी बंद होती. सरकारी ओपीडी बहुतेक ठिकाणी सकाळी केसपेपर काढून दुपारपर्यंत चालते. रोजंदारीवर जाणाऱ्याला ती गाठायची तर दिवसाची मजुरी सोडावी लागते. तापाने फणफणलेलं पोर घेऊन आई रात्री आठला कॅज्युअल्टीत येते, कारण रात्री आठला तिच्यासाठी उघडं असलेलं सरकारी दार तेवढंच आहे. अशा वेळी तिला बेशिस्त म्हणायचं? मुंबई महापालिकेने २०२२ पासून 'आपला दवाखाना' संध्याकाळी उशिरापर्यंत चालवायला सुरुवात केली, ती दिशा बरोबर आहे. सुट्टीच्या दिवशी कॅज्युअल्टीशेजारीच किरकोळ दुखण्यांसाठी एक डॉक्टर आणि एक इंजेक्शनची खोली चालू ठेवली, तर बांबोळीसारखा प्रसंगच उभा राहत नाही. 'इथे नाही' असं सांगणाऱ्याला 'मग कुठे' हे सांगता आलं पाहिजे, आणि ते 'कुठे' त्या वेळी उघडं असलं पाहिजे.

तिसरा आक्षेप अभ्यासू लोकांचा. वर्गवारी चुकते. मधुमेही माणसाला हृदयविकारात छातीत दुखेलच असं नाही, बायकांमध्ये लक्षणं अनेकदा वेगळी असतात, म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गात ताप येतोच असं नाही. हिरव्या पट्ट्यावर बसवलेला माणूस तासाभरात कोसळू शकतो. शिवाय थांबण्याचा वेळ जाहीर केला की रुग्णालयं घड्याळाशी खेळू लागतात. इंग्लंडचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. तिथे २००४ मध्ये ठरलं की तातडीच्या विभागातल्या ९८ टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल लागला पाहिजे. २०१० मध्ये ते प्रमाण ९५ टक्क्यांवर आणलं. प्रतीक्षा कमी झाली हे खरं, पण चार तास भरायच्या अगदी आधीच्या मिनिटांत रुग्ण हलवण्याची झुंबड उडायची हेही आकडेवारीत दिसलं, आणि २०१५ नंतर तर देशपातळीवर ते उद्दिष्ट गाठलंच गेलेलं नाही. रुग्ण व्हरांड्यात ट्रॉलीवर रात्र काढतात अशा बातम्या तिथूनही येतात.

हे सगळं मान्य. म्हणूनच मी 'इतक्या मिनिटांत बरं करू' असल्या पाटीची मागणी करत नाही. पहिल्या तपासणीला वेळेची मर्यादा हवी, कारण ती वेळ रुग्णालयाच्या हातात असते. पुढची प्रतीक्षा बसचा अपघात झाला की बदलणारच. आणि वर्गवारी चुकू शकते हेच तर ती उघड असण्याचं मोठं कारण आहे. मुलाला माहीत असेल की आईला हिरव्यात ठेवलंय आणि पुन्हा तपासणी अर्ध्या तासाने आहे, तर आई बरळायला लागल्यावर तो सिस्टरकडे जाऊन नेमकं सांगू शकतो. माहीतच नसेल, तर तो एकतर गप्प बसून राहतो किंवा टेबलावर हात आपटतो.

पैशाचा प्रश्न सगळ्यांत कठीण. तिथे कायदा काय म्हणतो याबद्दल शंकाच नाही. १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणाची सुरुवात एका बातमीने झाली. मोटारीच्या धडकेत जखमी झालेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही, पोलीस प्रकरणं बघणाऱ्या वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं, तो वाटेत गेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, तो सरकारी असो वा खासगी, आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या खेतमजूर समितीच्या खटल्यात तर रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात सतरा हजार रुपये खर्चावे लागले. वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब चालणार नाही, असं म्हणून न्यायालयाने पंचवीस हजारांची भरपाई दिली. जखमीला आणून सोडणाऱ्या वाटसरूला अडकवून ठेवायचं नाही, नावगाव सांगण्याची सक्ती करायची नाही, हेही २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने पक्कं झालं.

महाराष्ट्रात तर याहून स्पष्ट नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचं, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि त्यासाठी अनामत मागायची नाही. पुण्याच्या प्रकरणानंतर संबंधित रुग्णालयाने यापुढे तातडीच्या रुग्णांकडून अनामत घेणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा बातम्यांमध्ये ते औदार्य म्हणून छापून आलं. एकोणीस वर्षं जुना नियम औदार्य कसा होतो? तो रुग्णाला ठाऊक नसतो म्हणून होतो.

पण इथे खासगी डॉक्टरांची बाजू ऐकलीच पाहिजे. खर्च कोणी सोसायचा? शहरातल्या वीस खाटांच्या नर्सिंग होमला व्हेंटिलेटरवरचा रुग्ण दहा दिवस फुकट सांभाळणं परवडणार नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तातडीचे उपचार आगाऊ पैसे न घेता द्यायला सांगितले, आणि डॉक्टर रस्त्यावर उतरले. भरपाई कशी, कधी, कोणत्या दराने, हे कायद्यात धड नव्हतं. अखेर सरकारी सवलती न घेतलेली खासगी रुग्णालयं वगळण्याचं मान्य करून संप मिटवावा लागला. अमेरिकेने १९८६ मध्ये असाच कायदा केला आणि रुग्णालयांवर जबाबदारी टाकली, निधी मात्र दिला नाही. रुग्ण दारातून परत जायचा थांबला, पण महिन्याभराने त्याच्या घरी बिल येऊ लागलं. भरपाईविना केलेली सक्ती टिकत नाही, हा डॉक्टरांचा मुद्दा खरा आहे.

मात्र या मुद्द्याच्या आडून एक वेगळीच गोष्ट खपवली जाते. स्थिर करणं आणि संपूर्ण उपचार यांत फरक आहे. रक्तस्राव थांबवणं, श्वासनलिका मोकळी ठेवणं, ऑक्सिजन, सलाइन, ईसीजी, झटका थांबवणारं इंजेक्शन, आणि मग नीट चिठ्ठी देऊन रुग्णवाहिकेने पुढे पाठवणं. पहिल्या तासाचा हा खर्च दहा लाख नसतो. डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाने मरणारी पोरं वाचवायला सुरुवात केली ती रात्र-रात्र खाटेशी बसून लक्षणं टिपत, आणि पुढे प्राझोसिनच्या स्वस्त गोळीने. तिथे ना अतिदक्षता कक्ष होता ना अनामत. उरलेल्या खर्चासाठीही मार्ग आहेत. धर्मादाय रुग्णालयांना एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखांच्या रोकडरहित उपचाराची केंद्राची योजना लागू आहे. तिथे सरकारने रुग्णालयांचे पैसे ठरल्या मुदतीत दिले पाहिजेत, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी त्यासाठी जरूर भांडावं. मी त्यांच्या बाजूने असेन. फक्त ते भांडण सरकारशी असावं, स्ट्रेचरवरच्या माणसाशी नव्हे.

आणि खाट? 'बेड नाही' हे उत्तर अनेकदा खरंच असतं. पण १९९६ च्या त्याच निकालात न्यायालयाने सुचवलं होतं की कुठल्या रुग्णालयात खाट आहे हे एका ठिकाणाहून कळेल अशी संपर्कव्यवस्था उभारावी. चोवीस वर्षांनी, जून २०२० मध्ये, मुंबई महापालिकेने करोनाच्या लाटेत चोवीस वॉर्डांत वॉररूम उघडल्या आणि रुग्णाची अवस्था बघून तिथून खाटा वाटल्या. त्यात त्रुटी होत्या, फोन लागत नव्हते, लोकांनी रात्री जागून काढल्या. तरीही खाट ओळखीऐवजी गरजेप्रमाणे मिळू शकते हे या राज्याने स्वतः करून पाहिलं आहे. १०८ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते. तिच्यातल्या डॉक्टरला रुग्ण उचलतानाच मेंदूचे शल्यचिकित्सक आणि रिकामा व्हेंटिलेटर कुठे आहे हे खात्रीने कळलं, तर धुळ्यासारखं वाक्य दारात उच्चारायची वेळ कितीतरी कमी येईल. साथ ओसरली आणि ती यंत्रणा गुंडाळली, ती कायमची का ठेवली नाही, याचं उत्तर आरोग्य खात्याने द्यायला हवं.

रुग्णाच्या बाजूनेही काही करायचं असतं आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्यावीत. लक्षण किती वाजता सुरू झालं ते घड्याळ बघून लक्षात ठेवावं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि 'सकाळपासून' या उत्तरावर डॉक्टरला ते देता येत नाही. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. आत एकानेच बोलावं, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. ओळखीच्या आमदाराला फोन लावण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की तो फोन चालला, तर कोणीतरी दुसरा मागे ढकलला जातो, आणि तो कोण हे आपल्याला कधी कळणार नाही. मात्र माणसाची अवस्था बिघडताना दिसली तर रांगेची भीड धरू नये. उठावं, सिस्टरला गाठावं, नेमकं काय बदललं ते सांगावं, आणि ऐकलं गेलं नाही तर पुन्हा सांगावं.